एक्याण्णव टक्के पास, पण कशात? अमेरिकेतल्या क्रीडा शिष्यवृत्तीचा हिशोब

अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलामुलींपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात? या साध्या प्रश्नाला दोन अधिकृत उत्तरं आहेत. कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संस्था सांगते की तिच्या सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, शंभरातले एक्याण्णव. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पद्धतीने मोजलं तर तोच आकडा सत्तरच्या आसपास येतो. खेळाडू तेच, कॉलेजं तीच, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही.

हा वीसेक टक्क्यांचा फरक कुठून येतो ते कळलं की खेळ आणि अभ्यास यांच्यातला तिथला व्यवहार बराचसा उलगडतो. आपल्यासाठी हा विषय आता तितकासा परका राहिलेला नाही. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून टेनिस खेळला, ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून. तीच ऋतुजा २०२३ साली हांगझोच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. त्याआधी सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा. त्यामुळे टेनिस कोर्टाबाहेर किंवा पोहण्याच्या तलावाच्या कट्ट्यावर पोरांची वाट बघत बसलेल्या पालकांत ‘अमेरिकेत फुल स्कॉलरशिप मिळते’ हा विषय हमखास निघतो. मिळते, हे खरं. कुणाला, किती आणि तिच्या बदल्यात काय द्यावं लागतं, हे मात्र त्या कट्ट्यावर सहसा कुणाला नीट सांगता येत नाही.

पैसे कोण देतं, किती देतं

एनसीएएचे तीन गट आहेत. डिव्हिजन वन आणि टूमधल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते. डिव्हिजन थ्रीला देता येत नाही, आणि कॉलेजांच्या संख्येने हाच गट सगळ्यात मोठा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही आयव्ही लीगची विद्यापीठं खेळतात डिव्हिजन वनमध्ये, पण खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. तिथली मदत घरच्या उत्पन्नाकडे बघून ठरते. एमआयटी तर डिव्हिजन थ्रीत आहे. तेव्हा टेनिसवर हार्वर्डची स्कॉलरशिप मिळवून देतो असं कुणी सांगत असेल, तर खेळामुळे प्रवेश सोपा होऊ शकतो एवढंच त्यात खरं.

पूर्ण शिष्यवृत्तीत फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं येतात. २०१५पासून मोठ्या लीगमधल्या कॉलेजांना वरखर्चासाठीही पैसे देता येऊ लागले. पण ‘पूर्ण’ मिळणारे थोडे. २०२५पर्यंत नियम असा होता की अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, मुलींचं टेनिस, मुलींचं व्हॉलीबॉल अशा मोजक्या खेळांत शिष्यवृत्ती अख्खीच द्यायची. बाकीच्या खेळांत कोचच्या हातात ठरावीक शिष्यवृत्त्या असत आणि तो त्यांचे तुकडे करून वाटत असे. पुरुषांच्या टेनिस संघाला साडेचार शिष्यवृत्त्या मिळत, आणि त्या आठ-दहा जणांत वाटायच्या. मुलींच्या टेनिस संघाला आठ, आणि त्याही पूर्ण. म्हणजे एकाच घरातल्या, सारखंच खेळणाऱ्या भावाबहिणीपैकी बहिणीचं शिक्षण फुकट होणार आणि भावाला अर्धी फी बापाकडे मागावी लागणार, असं सहज घडे. याचं मूळ १९७२च्या टायटल नाइन कायद्यात आहे. त्या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलामुलींना समान संधी बंधनकारक केली. एकट्या फुटबॉलच्या ८५ शिष्यवृत्त्या मुलांच्या पारड्यात पडत, मग तोल राखायचा तर टेनिससारख्या खेळांत मुलींचा वाटा वाढवणं आलं.

मुदतीची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. १९७३पासून शिष्यवृत्ती एका वर्षाची झाली. दर वर्षी तिचं नूतनीकरण व्हायचं, आणि ते व्यवहारात कोचच्या मर्जीवर असायचं. अनेक वर्षांची हमी देण्याची मुभा २०१२ साली परत आली. २०१५पासून मोठ्या लीगनी खेळ खालावला म्हणून शिष्यवृत्ती काढून घ्यायची नाही, असं ठरवलं. बाकी ठिकाणी एकवर्षीय करार अजून चालतात. जो माणूस तुमच्या मुलाला संघात घेतो त्याचीच नोकरी जिंकण्या-हरण्यावर अवलंबून आहे, हे यातलं खरं दुखणं. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी सराव बुडवू का, हे विद्यार्थी ज्याला विचारतो तोच पुढच्या वर्षीच्या फीचा निर्णय घेणार असेल, तर उत्तर काय येणार?

विद्यार्थी की कामगार

‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा जोडशब्द तिथे सरकारी कागदांपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे वापरतात. तो आला कोर्टकज्ज्यातून. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस या छोट्या कॉलेजकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला भरपाई मिळते, तशी ती मिळावी म्हणून त्याच्या पत्नीने दावा लावला. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, तेव्हा तो कामगार नव्हे. खेळाच्या शिष्यवृत्त्यांना देशभर अधिकृत मान्यता मिळाली तीही १९५६मध्ये, म्हणजे ऐन या भानगडीत. खेळायचे पैसे मिळतात म्हटल्यावर ही नोकरीच ठरेल, ही धास्ती एनसीएएला होती. १९५१ ते १९८७ एनसीएएचा कारभार पाहणाऱ्या वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहिलं की हा शब्द त्याच धास्तीतून घडवला आणि सगळ्यांच्या तोंडी बसवला गेला.

या नावाने पैशाचा प्रश्न काही दशकं टळला. पण खेळाडू आधी विद्यार्थी आहे असं कोर्टात सांगायचं, तर तो शिकतोय हेही दाखवावं लागणार. अडचण तिथून सुरू झाली.

केव्हिन रॉस हा बास्केटबॉलपटू १९७८ साली नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठात आला. प्रवेश परीक्षेत त्याला ९ गुण होते. त्याच्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी २३. चार वर्षं तो खेळला. नेमबाजी, बास्केटबॉलचे सिद्धान्त असले विषय घेऊन त्याची पात्रता टिकवली गेली. १९८२मध्ये तो बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे पदवी नव्हती, भाषेची एकूण पातळी चौथीच्या मुलाची होती आणि वाचनाची सातवीच्या. पुढे तो शिकागोतल्या एका शाळेत लहान मुलांच्या वर्गात बसून शिकला. त्याने विद्यापीठावर खटला भरला. १९९२ साली अपील कोर्टाने निकाल दिला तो नीट समजून घ्यावा. वाईट शिकवलं म्हणून भरपाई मागता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. डॉक्टरवर हलगर्जीपणाचा दावा होतो तसा शिक्षणावर होत नाही. पण विद्यापीठाने शिकवणी देऊ वगैरे ठोस वचन दिलं असेल आणि ते अजिबात पाळलं नसेल, तर करारभंगाचा दावा चालू शकतो. थोडक्यात, शिष्यवृत्ती तुम्हाला वर्गाच्या दारापर्यंत नेते. आत काय शिकवलं जाईल याची हमी देत नाही.

त्याच काळात जॉर्जिया विद्यापीठातल्या जॅन केंप या प्राध्यापिकेने नापास फुटबॉलपटूंना वरच्या वर्गात ढकललं जातंय अशी तक्रार केली आणि तिची नोकरी गेली. १९८६मध्ये ज्युरीने तिला २५ लाख डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. ती पुढे कमी झाली, पण नोकरी परत मिळाली. या खटल्यात विद्यापीठाच्याच वकिलाने बचाव कसा केला? यातल्या एखाद्या खेळाडूला पदवीधर नाही करता आलं, पण लिहावाचायला शिकवलं तर कचरा उचलण्याऐवजी तो पोस्टात काम करू शकेल, असं तो म्हणाला. बचाव म्हणून! आणि १९८९ साली वॉशिंग्टन संघाचा नावाजलेला फुटबॉलपटू डेक्स्टर मॅनली अमेरिकन सिनेटसमोर रडत सांगत होता की ओक्लाहोमा स्टेटमध्ये चार वर्षं काढूनही आपल्याला वाचता येत नव्हतं.

नियम आले, हिशोब आला

एवढा बोभाटा झाल्यावर नियम येणारच होते. १९८३मध्ये ठरलेला आणि १९८६पासून लागू झालेला ‘प्रपोझिशन ४८’ हा पहिला मोठा नियम. शाळेत ११ मूलभूत विषय आणि त्यात चारपैकी किमान २.० ची सरासरी, शिवाय एसएटी या प्रवेश परीक्षेत ७०० गुण असल्याशिवाय पहिल्या वर्षी खेळायचं नाही. याचा फटका सर्वांत जास्त बसला तो गरीब वस्त्यांतल्या शाळांतून आलेल्या कृष्णवर्णीय मुलांना. नियम आणखी कडक करून अशांची शिष्यवृत्तीही बंद करायचं ठरलं, तेव्हा जॉर्जटाउनचे प्रख्यात कोच जॉन थॉम्प्सन जानेवारी १९८९मध्ये सामना सुरू होण्यापूर्वी निषेध म्हणून मैदान सोडून निघून गेले. हा वाद तीसेक वर्षं धुमसत राहिला आणि २०२३मध्ये एनसीएएने प्रवेश परीक्षेची अटच काढून टाकली. आता पाहिली जाते ती शाळेतल्या १६ मूलभूत विषयांची कामगिरी, किमान २.३ सरासरी. आपल्याकडच्या पालकांसाठी यातली मेख अशी की हे गुण नववीपासूनचे धरले जातात. नववीचं वर्ष स्पर्धांच्या दौऱ्यात गेलं, दहावीला भरून काढू, हा हिशोब तिथे चालत नाही.

कॉलेजात आल्यानंतरसाठी २००३पासून ४०-६०-८० चा नियम आहे. दुसरं वर्ष संपताना पदवीला लागणाऱ्या क्रेडिट्सपैकी ४० टक्के, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८० टक्के पूर्ण हवीत. नाहीतर खेळणं बंद. पाठोपाठ एपीआर नावाची गुणपद्धती आली. प्रत्येक सत्रात शिष्यवृत्तीवरचा खेळाडू अभ्यासात पात्र राहिला तर संघाला एक गुण, कॉलेजात टिकून राहिला तर आणखी एक. पूर्ण गुण मिळाले तर १०००. ९३०च्या खाली गेलेल्या संघाला हंगामानंतरच्या स्पर्धांत बंदी. ही बंदी नुसती कागदावर नव्हती. २०११चा राष्ट्रीय विजेता असलेल्या कनेक्टिकटच्या बास्केटबॉल संघाला २०१३च्या स्पर्धेत याच कारणाने घरी बसवलं. २०१४मध्ये तो संघ परत आला आणि पुन्हा विजेता झाला. त्याच दिवसांत या संघाचा हुकमी खेळाडू शबाझ नेपियर पत्रकारांना सांगून गेला की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. थोड्याच दिवसांत शिष्यवृत्तीधारकांच्या जेवणावरची मर्यादा उठली.

आता सुरुवातीच्या दोन आकड्यांकडे. १९९०च्या एका कायद्याने कॉलेजांना पदवीचं प्रमाण जाहीर करायला लावलं. सरकारी मोजणी सरळ आहे: पहिल्या वर्षी आलेल्या मुलांपैकी सहा वर्षांत त्याच कॉलेजातून किती जण पदवीधर झाले? कॉलेज बदलून दुसरीकडे पदवी घेतलेला विद्यार्थी पहिल्या कॉलेजच्या खात्यात नापास धरला जातो आणि दुसऱ्याच्या खात्यात येतच नाही. यावर कॉलेजांची तक्रार होती आणि ती रास्त होती. म्हणून एनसीएएने जीएसआर नावाची स्वतःची मोजणी काढली. तिच्यात बाहेरून आलेले खेळाडू मोजले जातात, आणि जे अभ्यासात पात्र असताना सोडून गेले ते हिशोबातून वगळले जातात. सोडून गेल्यावर त्यांनी कुठे पदवी घेतली की नाही, हे त्या कॉलेजच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

दहावीचा शंभर टक्के निकाल लावायची हौस असलेली शाळा कच्च्या पोरांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावते, तसाच हा प्रकार. पोरगं पास झालं का, हा प्रश्न उरत नाही. ते आपल्या पटावर होतं का, एवढाच उरतो. अर्थात जीएसआर म्हणजे निव्वळ लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या मोजणीत हा आकडा ७४ होता, आज ९१ आहे. पद्धत तीच असताना झालेली ही वाढ खरी आहे, आणि ती वर सांगितलेल्या नियमांमुळे झाली आहे.

सरकारी आकडाही खेळाडूंच्या विरोधात जात नाही. त्या मोजणीतही खेळाडूंचं प्रमाण इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीचं असतं. मुलींचं तर मुलांपेक्षा बरंच चांगलं. कारणं उघड आहेत. शिष्यवृत्तीवरच्या मुलाच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज नाही किंवा कमी आहे. त्याला खासगी शिकवणी फुकट आहे, हजेरी तपासणारा माणूस आहे, सक्तीची अभ्यासिका आहे. आणि त्याला अर्धवेळ विद्यार्थी होता येत नाही. खेळायचं तर सत्राला किमान १२ क्रेडिट्स घ्यावीच लागतात. इतर विद्यार्थी पैसे संपले की एक सत्र गाळतात, कुठे नोकरी धरतात, आणि त्यांची पदवी रेंगाळते. त्यामुळे खेळाडू अभ्यासात मागे असतात हे सरसकट वाक्य चुकीचं आहे. मागे पडतात ते विशिष्ट खेळांत: फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल. ज्या खेळांवर टीव्हीचा पैसा, त्याच खेळांत.

तास कुठे जातात

पदवी मिळते, मग तक्रार कशाची? तक्रार वेळेची आहे, आणि मला हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो.

१९९१पासून नियम आहे की हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ खेळासाठी घ्यायचा नाही. वाचायला उत्तम. पण मोजायचं काय? सामन्याचा अख्खा दिवस तीन तास धरतात. प्रवास मोजत नाहीत. दुखापतीवरचे उपचार मोजत नाहीत. ‘ऐच्छिक’ व्यायाम मोजत नाहीत. तो न करणाऱ्याला कोच काही म्हणत नाही, फक्त खेळवत नाही. एनसीएएने स्वतः खेळाडूंना विचारून केलेल्या पाहण्यांतही डिव्हिजन वनचे खेळाडू आठवड्याला तीसहून अधिक तास सांगतात, आणि फुटबॉलवाले चाळीसच्या पुढे.

हे प्रकरण २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कामगार मंडळापुढे गेलं. तिथल्या फुटबॉल संघाची कप्तानी केलेला खेळाडू केन कोल्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी युनियन करायची परवानगी मागितली. मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने तपासलं तेव्हा हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास निघाले, आणि ऑगस्टच्या शिबिरात ५० ते ६०. त्याने या खेळाडूंना कामगार ठरवलं. वर राष्ट्रीय मंडळाने २०१५मध्ये या वादात पडायलाच नकार दिला आणि युनियन काही झाली नाही. पण कोल्टरची साक्ष नोंदली गेली. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राचा वर्ग सकाळच्या सरावाच्या वेळी आला, तो वर्ग सुटला, तो मागे पडला आणि शेवटी मानसशास्त्राकडे वळला. आता हे लक्षात घ्या: नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल संघाचं पदवीचं प्रमाण त्या वेळी ९७ टक्के होतं. देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक. कोल्टर त्या ९७ टक्क्यांत आहे. त्याला पदवी मिळाली. डॉक्टरकी हुकली ती कुठल्याही आकड्यात नाही.

म्हणून किती पास झाले यापेक्षा कशात पास झाले, आणि तो विषय कुणी निवडला, हे जास्त महत्त्वाचं. अभ्यासक याला एक नाव देतात, ‘क्लस्टरिंग’. एका संघातले पाव किंवा त्याहून अधिक खेळाडू एकाच विषयात असतील तर तो विषय त्यांनी आवडीने घेतला असेलच असं नाही. त्या विभागाचे तास सरावाच्या आड येत नसतील. शैक्षणिक सल्लागाराने तोच सुचवला असेल, आणि हा सल्लागार बऱ्याच ठिकाणी क्रीडा विभागाच्याच पगारावर असतो. यात चांगल्या हेतूने केलेला ४०-६०-८० चा नियमही भर घालतो. इतर विद्यार्थी तिसऱ्या वर्षी विषय बदलतो, एखादं सत्र जास्त लावतो, विषय संपला. खेळाडूने बदलला तर जुनी क्रेडिट्स नव्या पदवीत धरली जात नाहीत, टक्केवारी घसरते आणि खेळणं बंद होतं. मग तो आहे तिथेच राहतो. अभियांत्रिकी, नर्सिंग, जीवशास्त्र असे दुपारच्या प्रॅक्टिकलचे विषय घेऊन मोठ्या संघात खेळणारी मुलं आहेत. पण ती पहिल्या सत्रापासून तसं ठरवून आलेली असतात आणि कोचला आधीच स्पष्ट सांगून.

या वाटेचं टोक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने दाखवलं. चॅपल हिलचं हे विद्यापीठ अमेरिकेतल्या उत्तम सरकारी विद्यापीठांत गणलं जातं. २०१४च्या चौकशी अहवालात उघड झालं की आफ्रिकन व आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं ‘कागदी वर्ग’ चालले. तास नाहीत, शिक्षक नाहीत, सत्राअखेर एक निबंध द्यायचा, आणि त्याला गुण देणार विभागातली एक कारकून बाई. ३,१०० विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले आणि त्या प्रवेशांत जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१७मध्ये एनसीएएने या वर्गांसाठी विद्यापीठाला शिक्षा केली नाही. कारण? हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, तेव्हा खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. नियमाच्या चौकटीत बसवून दिलेला हा निर्णय वाचताना हसावं की रडावं कळत नाही. पदवीच्या आकड्यावर पैसा, स्पर्धा, प्रतिष्ठा टांगली की आकडा सुधारायचे दोन मार्ग असतात, आणि त्यातला एक फार स्वस्त असतो.

शिष्यवृत्ती न देणाऱ्या नामांकित कॉलेजांतही खेळासाठी निवडलेली मुलं त्यांच्या प्रवेशावेळच्या गुणांवरून अपेक्षित असते त्याहून कमी गुण मिळवतात, असं मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. म्हणजे दोष निव्वळ पैशाला देता येत नाही. तासच अपुरे पडतात.

आता काय बदललंय

गेल्या पाच-सहा वर्षांत जुना डाव मोडलाय. जून २०२१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने ठरवलं की शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएला मर्यादा घालता येणार नाही. त्यानंतर कॉलेजं चांगल्या अभ्यासासाठी खेळाडूला वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत बक्षीस देऊ लागली. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीतून कमवायची मोकळीक मिळाली. आणि ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीनंतर कॉलेजं आपल्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. ही तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी संघाच्या आकाराला मर्यादा आली. टेनिस संघात दहाच जण, पण त्या सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. देता येईल, द्यायलाच हवी असं नाही. थेट वाट्यातला बहुतेक पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि छोट्या खेळांच्या कोचांना घोर लागलाय.

अभ्यासाच्या दृष्टीने मला याहून मोठा बदल वाटतो तो कॉलेज बदलण्याच्या मोकळिकीचा. २०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदवही, सुरू झालं, २०२१पासून एकदा बदल केल्यावर वर्षभर बाहेर बसावं लागेनासं झालं, आणि २०२४पासून अभ्यासात पात्र असाल तर हव्या तितक्या वेळा बदला. खेळाडूला जुलमी कोचपासून सुटका मिळाली, हे चांगलंच झालं. पण दर बदलात काही क्रेडिट्स वाया जातात. चार वर्षांत तीन कॉलेजं केलेला खेळाडू कुठल्या पदवीच्या किती जवळ असेल? आणि तो पात्र असताना गेला असेल तर जीएसआरच्या हिशोबातून तो आधीच वगळलेला आहे.

भारतातून जाणाऱ्यांना या नव्या पैशाचा फारसा उपयोग नाही. एफ-१ व्हिसावर विद्यार्थ्याला बाहेर काम करून कमवायला मनाई असल्याने जाहिरातीची कमाई जोखमीची ठरते. शिष्यवृत्तीतल्या राहण्या-जेवणाच्या भागावर परदेशी विद्यार्थ्याचा सहसा १४ टक्के कर कापला जातो, हेही फार थोड्या घरांत आधी माहीत असतं. तरी टेनिससारख्या खेळात डिव्हिजन वनच्या पुरुष संघांत निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत, म्हणजे सौदा अनेकांना परवडतो. आपल्याकडे खेळातलं यश दहावी-बारावीच्या वाढीव गुणांत आणि सरकारी नोकरीतल्या पाच टक्के राखीव जागांत मोजलं जातं. तिथे ते पदवीत मिळतं. व्यावसायिक खेळाडू दोन टक्क्यांहूनही कमी होतात; उरलेल्या सगळ्यांची कमाई काय ती पदवीच.

तेव्हा कोचचा ईमेल आला तर शिष्यवृत्ती किती वर्षांची, किती टक्के, आणि दुखापत झाली तर तिचं काय, हे लेखी मागावं. पदवीचं प्रमाण विचारूच नये. ते नव्वदच्या पुढेच सांगतील. त्याऐवजी संघाच्या वेबसाइटवर जावं. खेळाडूंच्या यादीत बहुधा प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा विषय दिलेला असतो. किती जण एकाच विषयात आहेत आणि तुमच्या मुलाला हवा असलेला विषय घेऊन एक तरी खेळाडू तिथे आहे का, ते पाहावं. मग त्याच वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वीची यादी काढावी आणि तेव्हा पहिल्या वर्षात असलेल्यांपैकी आज कोण दिसत नाही ते शोधावं. जे दिसत नाहीत त्यांच्यापैकी एक-दोघांना इन्स्टाग्रामवर मेसेज केला तर ते बहुतेक वेळा उत्तर देतात.